न मळलेलं पीठ

दिवाळीच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या बेकरीत दुपारी तीनला रांग लागते. प्रत्येकीच्या पिशवीत किलोभर मैदा, अर्धा किलो तूप, अर्धा किलो पिठीसाखर आणि पुडीत वेलची-जायफळ. पावाच्या लाद्या सकाळीच निघालेल्या असतात, भट्टी उतरलेली असते. नानकटाईला ती उतरती धगच मानवते. चढ्या भट्टीत ती वरून करपते आणि आत कच्ची राहते.

परातीत आधी तूप-साखर फेसायची. तूप थिजलेलं हवं. एका वर्षी मी घाईत पातळ करून नेलं आणि पत्र्यावर छत्तीस नानकटायांची एकच भाकरी झाली. तळहाताने घासत राहिलं की पिवळट तूप हळूहळू पांढरं, हलकं होतं. मग चिमूटभर सोडा, चाळलेला मैदा. इथे माझा हात सवयीने कणीक तिंबायला लागला, तसा कारागीर ओरडला, "ताई, गूंधना नहीं, बस समेटना है!" बरोबरच होतं त्याचं. मैद्याला पाणी आणि मर्दन मिळालं की तो चिवट होतो. इथे पाण्याचा थेंब नाही आणि कण न् कण तुपाने वेढलेला. गोळा जेमतेम जमला की हात काढून घ्यायचा.

सुरतेच्या नानकटाईचा मान मोठा. डचांच्या वखारीतल्या भट्टीशी आणि एका पारशी घराण्याशी तिची गोष्ट जोडतात. दिल्लीत ती हातगाडीवर निखाऱ्यांवर भाजतात, मैद्यात बेसन आणि रवाही असतो. गोव्याच्या बोलिन्हात रवा आणि खोबरं. ती दाताला जरा जड लागते. पुण्याची श्रूजबरी लोण्याची, नाव मात्र इंग्लंडातल्या गावाचं. साजूकवाल्यांना पटणार नाही, पण डालडाची नानकटाई जास्त खुसखुशीत होते. टाळूला चिकटते, तेवढं सोसायचं.

वीसेक मिनिटांनी खडूने 14 लिहिलेला आमचा पत्रा बाहेर आला. प्रत्येकीच्या माथ्यावर भेगा, कडेला किंचित बदामी रंग. "गरम उचलू नका" असं कुणीतरी म्हणेपर्यंत मी उचललीच. बोटांतच भुगा झाली. तो तोंडात टाकून मी डबा उघडून बसले, पत्रा निवायची वाट बघत. 15 नंबरच्या काकू खांद्यावरून वाकून म्हणाल्या, "तूप कुठलं घातलंत हो?"