परिवर्तनीय भिंग : रचना, प्रकाशशास्त्र आणि क्षेत्रीय छायाचित्रणातील उपयोग

प्रस्तावना :
हेन्री कझिन्स यांनी तयार केलेली मध्य प्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची यादी १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा आजचा यवतमाळ जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जात असे. यवतमाळ हे नाव त्यास १९०५ मध्ये मिळाले. त्या काळी वास्तूचे छायाचित्र घ्यावयाचे म्हणजे लाकडी कॅमेरा, तिपाई, काचेच्या तबकड्या आणि भिंगे असा सारा संसार पाठीवर घेऊन फिरणे होते. ओझ्याच्या या अडचणीतून ज्या युक्त्या निघाल्या, त्यांत परिवर्तनीय भिंगाचा क्रमांक वरचा लागतो. भिंगाचा पुढील भाग फिरवून काढला की उरलेला भाग अधिक नाभीय अंतराचे स्वतंत्र भिंग म्हणून वापरता येतो. 'एका किमतीत दोन भिंगे' अशी त्याची ओळख करून दिली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही ओळख अपुरी आहे. अर्धे भिंग काम देते ते काही अटींवर, आणि त्या अटी प्रकाशशास्त्रातूनच येतात.

रचना :
मोठ्या आकाराच्या फिल्मसाठी, म्हणजे ४ × ५ इंच वा त्याहून मोठ्या शीट फिल्मसाठी बनविलेली अनेक भिंगे सममित असतात. मध्ये प्रकाशछिद्र आणि त्याच्या पुढे-मागे जवळपास आरशातील प्रतिमेप्रमाणे एकेक अर्धभिंग, अशी ही मांडणी असते. छिद्राच्या मागे असलेले अर्धभिंग चौकोनाच्या कडा बाहेर फुगवते, तर पुढे असलेले त्याच कडा आत ओढते. दोन्ही एकत्र आली की हे विरूपण बहुतांशी नाहीसे होते. कोमा आणि पार्श्विक वर्णविपथन हे दोषही याच न्यायाने परस्परांना छेद देतात. गोलीय विपथन व अबिंदुकता यांना मात्र सममितीचा असा लाभ होत नाही. त्यांचे निराकरण प्रत्येक अर्धभिंगात स्वतंत्रपणे करावे लागते. म्हणूनच प्रत्येक सममित भिंग परिवर्तनीय नसते. गोर्ट्झ कंपनीचे १८९२ चे डागोर, त्याच दशकातील झाइस कंपनीचे प्रोटार आणि पुढे श्नायडर कंपनीचे सिमार यांची अर्धभिंगे या कसोटीला उतरतात. सिमारच्या १९७० च्या दशकातील सिमार-एस या आवृत्तीत ही सोय काढून टाकण्यात आली. अर्ध्याच्या स्वातंत्र्यावर पाणी सोडले की संपूर्ण भिंगाची गुणवत्ता वाढविण्यास आरेखकास अधिक मोकळीक मिळते.

छिद्रमूल्याचे कोडे :
सिमारच्या एका प्रकारावर ५.६/१५० आणि १२/२६५ असे दोन आकडे कोरलेले असतात. वर्गात मांडण्याजोगे कोडे येथेच आहे. १५० मि.मी. भागिले ५.६ म्हणजे छिद्राचा व्यास सुमारे २७ मि.मी. येतो. पुढील भाग काढल्यावर २६५ भागिले २७ म्हणजे मूल्य सुमारे १० यावयास हवे. कोरलेले आहे १२. उलट गणिताने २६५ भागिले १२ म्हणजे व्यास केवळ २२ मि.मी. भरतो. छिद्र तर तेच आहे. मग पाच मिलिमीटर गेले कोठे ?

उत्तर असे की समोरून पाहताना छिद्र पुढील अर्धभिंगातून वर्धित होऊन दिसते, आणि प्रकाशाच्या हिशेबात हाच दिसणारा व्यास धरला जातो. ते अर्धभिंग काढले की वर्धन संपते. १२ भागिले ५.६ या गुणोत्तराचा वर्ग केल्यास प्रकाश साडेचार पटींहून अधिक घटल्याचे दिसते. म्हणून शटरवर छिद्रमूल्यांच्या दोन पट्ट्या असतात. चुकीची पट्टी वाचल्यास निगेटिव्ह पातळ येणार हे निश्चित.

प्रत्यक्ष उपयोग :
पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधबा यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. पावसाळ्यात काठावरून पुढे सरकणे शक्य नसते. उभे राहण्याची जागा नदीच ठरवते. तेथून १०० मीटरवरील दृश्य १२० मि.मी. रुंदीच्या फिल्मवर घेतल्यास १५० मि.मी. भिंगाने ८० मीटर रुंदीचा पट्टा येईल, २६५ मि.मी. अर्धभिंगाने सुमारे ४५ मीटरचा. हा लाभ घेताना भाता पुरेसा लांब आहे काय, हे आधी पाहावे. मागील अर्धभिंग एकटे वापरताना त्याचे प्रधान प्रतल फिल्मच्या बाजूस सरकलेले असते, त्यामुळे दूरच्या वस्तूसाठीही २६५ मि.मी. पेक्षा अधिक ताण लागतो. वस्तू तीन मीटरवर असल्यास नाभीयनाचेच सुमारे २९० मि.मी. होतात, आणि ३०० मि.मी. चा भाता बहुधा अपुरा पडतो. तेच अर्धभिंग शटरच्या पुढील बाजूस बसविता आल्यास भाता कमी लागतो, मात्र विरूपणाची दिशा उलटते.

अर्धभिंगात उरलेल्या गोलीय विपथनामुळे छिद्र लहान केले की तीक्ष्ण प्रतिमेची जागा हलते. पूर्ण उघड्या छिद्रावर घासलेल्या काचेवर जुळवणी करून नंतर छिद्र लहान करण्याची सवय येथे घातक ठरते. अंतिम जुळवणी कामाच्या छिद्रावरच, डोक्यावर काळे कापड घेऊन, भिंग-काच लावून करावी. छिद्र एफ/२२ वा एफ/३२ ठेवावे आणि कृष्णधवल फिल्मवर गडद पिवळा फिल्टर लावावा, म्हणजे वर्णविपथनाचा उपद्रव बराच कमी होतो. ॲन्सेल ॲडम्स यांचे न्यू मेक्सिकोतील १९४१ चे विख्यात चंद्रोदयाचे छायाचित्र ८ × १० इंची कॅमेऱ्यावर कुक परिवर्तनीय भिंगाच्या २३ इंची घटकाने, गडद पिवळ्या फिल्टरसह, एफ/३२ वर एक सेकंद देऊन घेतलेले आहे.

विदर्भातील हेमाडपंती मंदिरांच्या खांबांसाठी मात्र संपूर्ण भिंगच वापरावे. चौकटीच्या कडेचा सरळ खांब अर्धभिंगाने किंचित वाकतो, आणि वास्तूच्या नोंदीत ते चालणारे नाही. धबधबा, वृक्ष, डोंगर यांना सरळ रेषांचे बंधन नसते. व्यक्तिचित्रात तर छिद्र थोडे मोठे ठेवल्यास येणारा मऊपणा हवाच असतो (अर्थात भाता पुरला तर).

महाविद्यालयीन साठा :
महाविद्यालयांतील जुने कॅमेरे डेडस्टॉक रजिस्टरमधून निर्लेखनाच्या यादीत जातात, तेव्हा भिंगाकडे कोणी पाहत नाही. पुढील भाग हरवलेले भिंग 'अपूर्ण' म्हणून भंगारात निघू शकते. त्यापूर्वी कड्यावर नाभीय अंतराचे दोन आकडे आहेत काय, हे तपासावे. असल्यास आणि मागील काच बुरशीविरहित असल्यास ते भिंग अपूर्ण नव्हे. शटर बिघडलेले असले तरी ते उघडे राहत असेल, तर सायंकाळच्या मंद उजेडात लहान छिद्र ठेवून भिंगाची टोपी काढून पुन्हा लावणे एवढ्यावरही काम भागते.