मासा फसेल का? – खोटा चारा बनवताना शिकलेलं विज्ञान



यवतमाळ जिल्हा म्हटलं की सगळ्यांना कापूस आठवतो, मासे कोणाला आठवत नाहीत. पण पैनगंगा, वर्धा, अडाण, अरुणावती, पूस, बेंबळा या नद्या आपल्याच जिल्ह्यातल्या. त्यांच्या आणि धरणांच्या काठी भोई समाजाची घरं आहेत आणि त्या घरातली मुलं आपल्याच वर्गात बसतात.

चौथीच्या परिसर अभ्यासाच्या तासाला अशाच एका मुलीने विचारलं, "मॅडम, मोबाईलमध्ये एकाने रबरी बेडूक टाकून मरळ धरली. माशाला खोटं कळत नाही का?" या प्रश्नावर आमचे तीन शनिवार गेले. काय केलं ते सांगते.

खोटा चारा काम कसा करतो?

गांडूळ किंवा कणकेची गोळी हा खरा चारा. त्याला वास असतो, चव असते. खोट्या चाऱ्याला यातलं काही नसतं, त्यामुळे त्याला हालचालीवरच काम भागवावं लागतं. माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना एक रेषा असते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातली बारीक थरथर माशाला या रेषेमुळे समजते. म्हणून गढूळ पाण्यातही जवळ काही हललं तर त्याला कळतं.

फिनलंडमधल्या लौरी रापाला या मासेमाराने एक गोष्ट हेरली होती. मोठा मासा थव्यातला नेमका वाकडातिकडा पोहणारा, जखमी मासा उचलतो. 1936 साली त्याने बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरून लेप दिला. कारखाना नव्हता, घरातलंच सामान होतं. हे ऐकल्यावर मुलं म्हणाली, "मग आपणही करू!"

साहित्य

जुनी हवाई चप्पल, पाण्याची रिकामी बाटली, छोटे लोखंडी नट, गोळ्यांच्या पाकिटाची चांदी, दोरा आणि पाण्याने भरलेला मोठा टब. वजनासाठी शिसं वापरू नका, ते विषारी असतं. कटर फक्त शिक्षकांच्या हातात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शाळेत गळ अजिबात लावायचा नाही. आपल्याला मासा धरायचा नाही, तो पोहतो कसा एवढंच बघायचं आहे.

कृती आणि निरीक्षण

चपलेच्या रबराचा बोटभर लांब मासा कापला. दोऱ्याने ओढला तर तो पाण्यावर नुसता घसरत आला आणि मध्येच उलटा झाला. पोटाखाली एक नट बसवला, तेव्हा सरळ राहिला. वजन खाली असलं की वस्तू लवकर उलटत नाही, हे पुस्तकातलं वाक्य मुलांनी डोळ्यांनी पाहिलं.

मग बाटलीचा नखाएवढा तुकडा तोंडाखाली तिरपा खोचला. ओढताना पाणी त्या तुकड्यावर दाबतं, त्यामुळे तोंड खाली जातं आणि अंग डावी-उजवीकडे डुलतं. पहिल्यांदा डुलला तेव्हा वर्गात एकच गलका झाला. तुकडा जरा वाकडा बसला, तर मात्र मासा एकाच बाजूला पळत होता.

माझी चूक

पहिल्या शनिवारी मी मुलांना मोकळं सोडलं. एका गटाने नट, तुकडा आणि दोऱ्याची जागा एकदमच बदलली. मासा मस्त पोहला, पण कशामुळे ते कोणालाच सांगता येईना! वर, बिघडलेले नमुने मी केराच्या टोपलीत टाकले होते, त्यामुळे ताडून बघायलाही काही उरलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी दोन नियम केले. एका वेळी एकच बदल करायचा. आणि फसलेला नमुना फेकायचा नाही, त्याला नंबर देऊन ठेवायचा. वहीत तीन रकाने आखले : काय बदललं, काय होईल असं वाटलं, काय झालं. तेव्हापासून "माझं चुकलं" म्हणणारी मुलं "माझा चार नंबर बुडाला" असं म्हणू लागली. हा फरक मला फार मोठा वाटतो.

आजोबांनी शिकवलेला धडा

तिसऱ्या शनिवारी त्या मुलीच्या आजोबांना बोलावलं. त्यांचं आयुष्य मासेमारीत गेलेलं. त्यांनी आमचे मासे टबात ओढून पाहिले. सगळ्यात चकचकीत मासा बाजूला ठेवला आणि साधा, काळपट मासा उचलला. मरळ बेडूक खाते, बेडूक कुठे चमकतो, असं त्यांचं म्हणणं. आम्ही आमच्या डोळ्यांना आवडेल ते बनवत होतो. माशाला काय दिसेल, हा विचारच राहून गेला होता.

मग ते मरळीबद्दल बोलले. ही मासळी हवा घ्यायला वर येते. आपल्या शेजारच्या तेलंगणाने तिला राज्यमासा केलं आहे. पावसाळ्यात तिच्या लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर दिसतो आणि मोठी मरळ खाली राखण करते. त्या वेळी जवळ काहीही टाकलं तरी ती झडप घालते. आजोबा म्हणाले, "पिल्लं हायेत तोवर मरळ भुकेनं नाई चावत मॅडम, पिल्लायसाठी चावते. तवा गळ नाई टाकाचा." राखणारी गेली की पिल्लं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात.

वर्ग एकदम शांत झाला. आमचा खोटा चारा नेमका त्याच वेळी सगळ्यात चांगला चालला असता. त्या दिवशी मुलांनी आपणहून वहीत चौथा रकाना आखला : 'कधी वापरायचं नाही'.

करून बघताना

हा उपक्रम टबातच करा. मुलांना धरणावर नेऊ नका. एक तर धोका असतो आणि बहुतेक तलावांतली मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. रबराचे, प्लॅस्टिकचे तुकडे मोजून परत गोळा करा. आणि गावातल्या एखाद्या जाणत्या मासेमाराला नक्की बोलवा. आमच्या त्या मुलीचा हात वर्गात क्वचितच वर व्हायचा. आजोबा बोलत होते तेव्हा ती त्यांच्या शेजारी उभी राहून, त्यांचे शब्द बाकीच्या मुलांना समजावून सांगत होती.