घडवू या डोकं (९) : तो नेमका कुणाकडे बघतोय?

मागच्या आठवड्यात मानेचा वायदा केला होता, पण मान आज राहू दे. वेल्ह्याकडच्या एका शिक्षकांच्या पत्रानं चार दिवस मला दुसरं काही सुचू दिलेलं नाही. ते विचारतात, जबडा, पापण्या, भुवया यांची एवढी खटपट कशाला? यंत्रमानवाच्या खांद्यांवर जुना टॅब्लेट बसवावा आणि त्यावर चेहरा दाखवावा. हलणारं काही नाही, म्हणजे मोडणारंही काही नाही.

टिकाऊपणाच्या बाजूनं पाहिलं तर हा मुद्दा बिनतोड आहे. सुरुवातीची दोन वर्षं मीही हेच मानत होतो. माझं मत फिरलं ते मार्गासनीत, माझ्याच पडवीत.

आजूबाजूची अकरा मुलं ओळीनं बसली होती. पडद्यावरच्या चेहऱ्याचे डोळे समोर रोखले आणि म्हटलं, "हा ज्याच्याकडे बघतोय त्यानं हात वर करायचा." अकराच्या अकरा हात वर! मग डोळे एका बाजूला सरकवले. आता एकही हात वर होईना. कडेला बसलेली मुलगी म्हणाली, "काका, तो माझ्याकडे नाही, गोठ्याकडे बघतोय." तिच्या शेजारच्याला वाटत होतं, तो तिच्याकडे बघतोय. पडदा मोठा केला, उजेड वाढवला, तरी फरक पडला नाही. त्या चेहऱ्याला अकरा जणांतल्या एकाला नजरेनं उठवता येत नव्हतं.

देवघरातली तसबीर आठवा. खोलीत कुठंही उभं राहा, देव आपल्याकडेच बघतो. मोनालिसाबद्दलही असंच सांगतात. सपाट चित्रात बुबुळ आणि पांढरा भाग यांचं नातं रंगवताना एकदाच ठरतं. आपण बाजूला सरकलो तरी ते बदलत नाही. खरा डोळा गोल असतो. बाजूनं पाहिलं की बुबुळाच्या एका अंगाला पांढरं जास्त दिसतं, दुसऱ्या अंगाला कमी, आणि तेवढ्यावरून आपण क्षणात ओळखतो की ही नजर माझ्यासाठी नाही. चिंपांझीच्या डोळ्यातला हा भाग बहुधा गडद असतो. माणसाचा पांढरा आणि चांगला रुंद दिसणारा आहे, त्यामुळे आपली नजर दुसऱ्याला दुरूनही वाचता येते. डोक्याला माणसांशी बोलायचं असेल तर पहिलं अक्षर इथं आहे, ओठांवर नाही.

स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठातल्या मंडळींनी या अडचणीवर 'फरहॅट' नावाचं डोकं बनवलं. चेहऱ्याच्या आकाराचा अर्धपारदर्शक मुखवटा घ्यायचा आणि आतून त्यावर चेहरा प्रक्षेपित करायचा. मुखवट्याला नाक, गाल, खोबणी असल्यामुळे नजर ज्याच्यावर रोखली त्यालाच भिडते. कल्पना देखणी आहे, पण प्रक्षेपणाला मंद उजेड लागतो आणि आमच्या पडव्या उन्हाच्या.

मला जास्त पटतो तो इटलीतल्या जिनोव्हाच्या 'आयकब'चा निवाडा. त्या पोरसवद्या यंत्रमानवाच्या भुवया आणि तोंड म्हणजे चेहऱ्याच्या पांढऱ्या कवचामागचे एलईडी दिवे. डोळे मात्र खरे गोल, मोटरीवर फिरणारे. झिजणारे भाग जिथं अडलंय तिथंच वापरले आहेत. फ्रान्सच्या 'नाओ'चं नेमकं उलटं. त्याचे डोळे रंग बदलतात पण फिरत नाहीत, म्हणून बघण्याचा सगळा भार मानेवर येतो.

आपल्याकडं हे शास्त्र पाध्यांच्या घरात आहे. यशवंत पाध्ये, रामदास पाध्ये, सत्यजित पाध्ये अशा तीन पिढ्या अर्धवटराव हा बाहुला बोलतोच आहे. आपण सगळे त्याच्या जबड्याचं कौतुक करतो. पुढच्या वेळी तो कुणाकडे बघून बोलतो तेवढंच पाहा. १९९३च्या 'झपाटलेला'तला तात्या विंचूही नुसत्या ओठांवर पाहा, मग डोळ्यांवर पाहा. भीती कुठून येते ते कळेल.

आता गुरुजींसाठी कृती. (कवटीचं इथं बोलत नाही, 'व्योममित्रा' या यंत्रमानवाच्या ८०० ग्रॅमच्या अ‍ॅल्युमिनियम कवटीच्या निमित्तानं ते तिसऱ्या भागात झालंय.) टेबलटेनिसचे दोन चेंडू घ्या. चेंडू ४० मिलिमीटरचा आणि माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटरचा, पण वर्गाच्या शेवटच्या ओळीतून वाचायचा असल्यानं मोठाच बरा. प्रत्येक चेंडू उभ्या खिळ्यावर फिरता ठेवा आणि मागून दोन्ही एका आडव्या पट्टीनं जोडा. पट्टी सरकली की दोन्ही डोळे एकत्र वळतात. मोटर एकच.

पट्टी ओढायला मी आधी सुती दोरी आणि परतीला स्प्रिंग लावली होती. उन्हाळाभर ठीक चाललं. आषाढात राजगड ढगात बुडाला, घरात मीठ पाझरू लागलं, आणि एका सकाळी डोकं टक लावून डावीकडे बघत बसलेलं! पिळाची सुती दोरी ओली झाली की फुगते आणि लांबीला आखडते. तंगूस लावून पाहिली, ती हळूहळू सैलावली. शेवटी सायकलच्या चाकाची स्टेनलेस स्टीलची तार बसवली. ती ओढते तशी ढकलतेही, त्यामुळे परतीची स्प्रिंगच गेली. त्यानंतर चार पावसाळे झाले, डोळे जागेवर आहेत.

एक मात्र करा. तार आणि मोटर यांच्यामध्ये बॉलपेनातली छोटी स्प्रिंग घाला. कुणीतरी मूल डोळ्यात बोट घालणारच, आणि घालावंच. स्प्रिंग असली की डोळा वळतो आणि परत येतो. नसली की मोटरीच्या आतल्या प्लास्टिकच्या चाकाचे दात उडतात.

अकरा मुलांच्या त्या दुपारी पडदा काढून हे चेंडूंचं डोकं ठेवलं होतं. डोळे वळले, आणि ओळीतल्या चौथ्या मुलानं एकट्यानं हात वर केला.

मान पुढच्या आठवड्यात. तोवर घरात कुणाला तरी बाजूनं हाक मारा आणि पाहा: डोळे आधी पोचतात, मान मागून येते. मानेची मोटर किती उशिरा सुरू करायची, तिथून धागा धरू.