गादीवाफ्यांस पाणी केव्हां व किती द्यावें

मिरची, वांगीं व कांदे यांचीं रोपें गादीवाफ्यावर करणारे बागाइतदार पुष्कळ आहेत. परंतु पाणी देण्याची संवय त्यांपैकीं अनेकांची सपाट वाफ्याचीच असते. सपाट वाफा पाणी धरून ठेवितो. १० ते १५ सेंटिमीटर उंच केलेली गादी वरून व चारी अंगांनीं वाळते. तीस एकदांच भरपूर पाणी देऊन भागत नाहीं.

बीं रुजेपर्यंत बारीक छिद्रांच्या झारीनें, उन्हाळ्यांत दोन वेळां, हिंवाळ्यांत बहुधा एकदां शिंपावें. रोपें वर आलीं कीं सायंकाळचें शिंपणें बंद करावें. माती रात्रभर चिंब राहिली म्हणजे बुरशीस फावतें. जमिनीलगतचें खोड मऊ पडतें आणि काल टवटवीत असलेलीं रोपें सकाळीं आडवीं दिसतात. पाणी कमी पडलें असें समजून माळी आणखी पाणी घालतो, आणि उरलेला वाफाही हातचा जातो. हंगामाच्या तोंडावर दुसरीं रोपें आणावयाचीं कोठून?

दुपारच्या उन्हांत, मुळांशीं ओल असतांही, रोपें माना टाकतात व सायंकाळीं सांवरतात. तेवढ्यावरून पाणी देऊं नये. बोट दोन पेरें मातींत घालून पाहावें; ओल लागल्यास पाणी राखावें. काळ्या मातीचा पापुद्रा वाळला तरी आंत ओल असते. वाळूमिश्रित मातींत ती लौकर सरते.

लावणीपूर्वीं आठवडाभर पाणी कमी करीत जावें, म्हणजे रोपें काटक होतात. मात्र उपटण्याच्या आदल्या दिवशीं वाफा पुरता भिजवावा. कोरड्या मातींतून ओढलेल्या रोपांचीं तंतुमुळें वाफ्यांतच तुटून राहतात.