‘ताप’ या रकान्याचा अर्थ : जुन्या सातारा जिल्ह्यातील मरणनोंदी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मुंबई इलाख्याच्या आरोग्यविषयक वार्षिक अहवालांत मृत्यूची कारणे पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, अपघात व इतर अशा मोजक्याच रकान्यांत विभागलेली आढळतात. त्यांतील तापाचा रकाना सामान्यतः सर्वांत भरलेला असे. त्यावरून तापाच्या प्राबल्याचा निष्कर्ष काढण्याचा मोह अभ्यासकाने आवरला पाहिजे.

इंग्लंडात 1837 साली नागरी नोंदणी सुरू झाल्यावर विल्यम फार यांनी मृत्युकारणांचे वर्गीकरण घडविले व पुढे तेथे वैद्यकीय दाखल्याचा आधार रूढ झाला. आपल्याकडे खेड्यातील नोंद पाटलाच्या दप्तरी होई. त्यात घरच्या माणसांनी जे पाहिले व सांगितले तेच उतरे. देवीचे फोड अथवा पटकीची ओकारी-जुलाब कोणासही ओळखता येत. म्हणून ते रकाने त्यातल्या त्यात विश्वसनीय होत. परंतु हिवताप, विषमज्वर, फुप्फुसदाह, बाळंतरोग, पुष्कळदा क्षयही, हे सारे अंग तापविणारे. ते एकाच रकान्यात जात. भुकेला तर रकानाच नव्हता. 1876-77 च्या दुष्काळात माण-खटावकडील उपासमारीचे बळी तापाच्या किंवा हगवणीच्या नावावरच शोधावे लागतात.

प्लेगने हा प्रश्न अधिकच बिकट केला. 1896 साली मुंबईत उद्भवलेली ही साथ लवकरच या जिल्ह्यात पोहोचली. 1897 च्या साथरोग कायद्यामागोमाग घरझडती व विलगीकरण आले. प्लेगचे नाव उच्चारणे म्हणजे घर उघडे पाडणे ठरले. ‘ताप’ म्हणणे सोयीचे झाले. उंदीर पडू लागताच लोक माळावर झोपड्या बांधून राहात, हा त्यांचा शहाणपणाच होता. पण तेथील मरणे दप्तरात पोहोचलीच असतील असे नाही.

सांगलीविषयी एक सावधगिरी हवी. सांगली व मिरज ही पटवर्धनांची संस्थाने. त्यांची मरणे सातारा जिल्ह्याच्या आकड्यांत नाहीत. उलट तासगाव, वाळवे, खानापूर हे तालुके साताऱ्यातच होते. 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा निघाला व 1960 साली त्यास सांगली हे नाव मिळाले. आजच्या सीमा मागे नेऊन केलेली तुलना म्हणूनच फसवी ठरते.

तेव्हा तापाचे आकडे गावनिहाय व महिनावार मांडावेत आणि प्लेगपूर्व वर्षांतील त्याच महिन्यांशी ताडून पाहावेत. शेजारच्या गावी प्लेगची नोंद असता ज्या गावी तो रकाना कोरा, पण ताप मात्र नेहमीच्या कित्येक पट चढलेला दिसेल, त्या गावापासून शोधास प्रारंभ करावा.