फायनल फँटसी १: सहा क्लास, पाच स्टॅट्स आणि एक आकडा जो काहीच करत नव्हता

आजकाल मोबाइलवर कुठलाही आरपीजी गेम उघडा, पहिल्या पाच मिनिटांत समोर एक स्क्रीन येते. वॉरियर, मेज, थीफ यातला एक निवडा. प्रत्येकासमोर आकडे: स्ट्रेंग्थ इतकी, इंटेलिजन्स इतका. आपण काय करतो? ज्याचा आकडा मोठा किंवा ज्याचं चित्र भारी, त्याच्यावर टॅप करतो आणि पुढे जातो.

पण हे आकडे आतमध्ये नेमकं काय करतात? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे असा आकडा दिसला की डोक्यात पहिला प्रश्न येतो की कोडमध्ये हा कुठे वापरलाय? हे समजून घ्यायला सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे १९८७ साली जपानमध्ये आलेला पहिला 'फायनल फँटसी'. स्क्वेअर कंपनीचा गेम, हिरोनोबू साकागुची दिग्दर्शक आणि प्रोग्रॅमिंग नासिर गेबेली यांचं. लढाईची रचना अकितोशी कावाझू यांची, आणि तिच्यावर 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलवर खेळायच्या खेळाची छाप स्पष्ट दिसते. अख्खा गेम २५६ केबीच्या कार्ट्रिजमध्ये बसवलेला होता. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा 'गुड मॉर्निंग'चा एखादा फोटोही याहून मोठा असतो!

खेळाची अट

सुरुवातीलाच चार जणांची टीम निवडायची. क्लास सहा: फायटर, थीफ, ब्लॅक बेल्ट, रेड मेज, व्हाइट मेज, ब्लॅक मेज. एकदा निवडलं की शेवटपर्यंत तेच चौघे. मधे कोणी नवीन येत नाही, कोणाला बदलताही येत नाही. म्हणजे पुढच्या कित्येक तासांचा खेळ या एका स्क्रीनवर ठरतो.

पहिल्या लेव्हलला मूळ एनईएस आवृत्तीतले आकडे असे आहेत (क्रम: एचपी, स्ट्रेंग्थ, अ‍ॅजिलिटी, इंटेलिजन्स, व्हायटॅलिटी, लक):

- फायटर: ३५, २०, ५, १, १०, ५
- थीफ: ३०, ५, १०, ५, ५, १५
- ब्लॅक बेल्ट: ३३, ५, ५, ५, २०, ५
- रेड मेज: ३०, १०, १०, १०, ५, ५
- व्हाइट मेज: २८, ५, ५, १५, १०, ५
- ब्लॅक मेज: २५, १, १०, २०, १, १०

वरवर बघितलं तर सरळ वाटतं. फायटर ताकदवान, थीफ नशीबवान, ब्लॅक मेज हुशार. आता एकेक आकडा उघडून बघू.

स्ट्रेंग्थ: खरी, पण निम्मीच

हत्याराने वार करताना हत्याराची ताकद अधिक स्ट्रेंग्थचा निम्मा भाग, असा हिशेब होतो. म्हणजे फायटरला २० मधून १० मिळतात, थीफला ५ मधून २ आणि ब्लॅक मेजला १ मधून शून्य. इथे आकडा जे सांगतो तेच करतो.

हिट: जो आकडा यादीत दिसत नाही, तोच सगळ्यात मोठा

प्रत्येक क्लासला हिटचा एक वेगळा आकडा असतो. फायटरचा १० पासून सुरू होतो आणि दर लेव्हलला ३ ने वाढतो. थीफचा ५ पासून, दर लेव्हलला २ ने. व्हाइट आणि ब्लॅक मेजचा ५ पासून, फक्त १ ने. या आकड्याला ३२ ने भागायचं, अपूर्णांक सोडायचा आणि १ मिळवायचा. तेवढे वार एका पाळीत होतात.

आता विसाव्या लेव्हलचा हिशेब करू, हत्याराची हिट बाजूला ठेवून. फायटर: १० अधिक ५७ म्हणजे ६७, म्हणून ३ वार. थीफ: ४३, म्हणून २ वार. मेज: २४, म्हणून एकच वार. क्लासमधला खरा फरक इथे आहे. निवडीच्या पाच स्टॅट्समध्ये तो कुठेच नाही, पण अख्ख्या गेमभर तोच जाणवत राहतो.

ब्लॅक बेल्ट: आकड्यांनी झाकलेला पैलवान

याची स्ट्रेंग्थ फक्त ५, थीफइतकीच. म्हणून बरेच जण याला सोडून देतात. पण रिकाम्या हाताने लढला तर याची ताकद स्ट्रेंग्थवर चालतच नाही. लेव्हल गुणिले २, एवढा साधा नियम, आणि वर वारांची संख्या दुप्पट.

पहिल्या लेव्हलला मुठीची ताकद म्हणजे फक्त २, त्यामुळे सुरुवातीच्या काही लेव्हल हातात नंचाकू ठेवावा. पण विसाव्या लेव्हलला? हिट ६२, म्हणजे २ वार, ते दुप्पट होऊन ४. प्रत्येक वाराची ताकद ४०. आणि हे सगळं फुकटात! फायटरला प्रत्येक गावात नवी तलवार, नवं चिलखत घ्यावं लागतं. गेम सुरू होताना खिशात फक्त ४०० सोन्याची नाणी असतात आणि पहिल्या लेव्हलची एक जादू १०० ला मिळते, हे लक्षात घेतलं तर फुकट हात किती मोलाचे ते कळेल.

अ‍ॅजिलिटी: नावापेक्षा काम कमी

अ‍ॅजिलिटी जास्त म्हणजे आपला गडी आधी वार करणार, असं कोणालाही वाटेल. मूळ गेममध्ये तसं नाही. पाळीचा क्रम दर वेळी रँडम ठरतो. अ‍ॅजिलिटी वापरली जाते ती वार चुकवायला: ४८ अधिक अ‍ॅजिलिटी, वजा चिलखताचं वजन. थीफचे होतात ५८, फायटरचे ५३. शत्रूचा वार लागतो का हे ठरवणारा हिशेब २०० च्या मोजपट्टीवर चालतो, म्हणजे चिलखत घालण्याआधी दोघांत फरक आहे २०० पैकी ५ चा. 'चपळ' थीफ फायटरपेक्षा जेमतेम अडीच टक्के चपळ! लक मुख्यतः लढाईतून पळ काढताना कामी येतं. उपयोग आहे, पण त्यासाठी टीममधली एक जागा द्यायची का, हा विचार करा.

इंटेलिजन्स: कार्डावर नाव, यादीत नाही

आता मुख्य गोष्ट. ब्लॅक मेजचा इंटेलिजन्स २०, रेड मेजचा १०. दोघांनी एकाच शत्रूवर 'फायर' जादू टाकली. कोणाची जास्त लागेल?

मूळ एनईएस आवृत्तीत दोघांची सारखीच. जादूच्या हिशेबात इंटेलिजन्स वाचलाच जात नाही. फायर जादूची स्वतःची ताकद १० आहे, ती कोणीही टाको. गंमत म्हणजे हा आकडा लेव्हलबरोबर वाढतो, सेव्ह होतो, स्क्रीनवर ऐटीत दिसतो. फक्त वापरला जात नाही. रेशन कार्डावर नाव आहे, पण दुकानदाराच्या यादीत नाही, तशातला प्रकार.

असे आणखीही बग आहेत. 'टेम्पर' आणि 'सेबर' या ताकद वाढवणाऱ्या जादू आपल्या माणसावर टाकल्या तर परिणाम शून्य. क्रिटिकल वाराची शक्यता प्रत्येक हत्याराला वेगळी दिलेली होती, पण कोड तिथे वाचतो हत्याराचा यादीतला क्रमांक! म्हणून यादीत खाली असलेलं हत्यार आपोआप जास्त क्रिटिकल मारतं.

हे कळल्यावर तुलना पालटते. मूळ आवृत्तीत रेड मेज हा सौदा आहे: तलवार चालवतो, बरं करतो आणि आग तेवढीच टाकतो. मग ब्लॅक मेज कशाला? कारण वरच्या लेव्हलच्या सगळ्या काळ्या जादू फक्त त्याला शिकता येतात, रेड मेजला त्यातल्या बऱ्याच मिळत नाहीत. तसंच भुताखेतांवर चालणारी 'हार्म' जादू व्हाइट मेजकडेच आहे. म्हणजे मेजची किंमत त्याच्या इंटेलिजन्समध्ये नाही, त्याला काय शिकायची परवानगी आहे यात आहे.

मग टीम कोणती?

फोनवर खेळायचं असेल तर २०२१ मध्ये आलेली 'पिक्सेल रीमास्टर' आवृत्ती अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर आहे. त्यात इंटेलिजन्स खरोखर काम करतो. मी ऑफिसच्या बसमध्ये हीच खेळलो. माझा सल्ला असा:

- पहिल्यांदा खेळताय: फायटर, ब्लॅक बेल्ट, व्हाइट मेज, ब्लॅक मेज. प्रत्येकाचं काम ठरलेलं, गोंधळ कमी.
- मूळ आवृत्ती खेळताय: ब्लॅक मेजच्या जागी रेड मेज घेऊन बघा.
- थीफ आवडतोच? घ्या. पुढे बहामूटकडे क्लास बढती मिळते, तेव्हा तो निंजा होतो, जवळपास सगळी हत्यारं उचलतो आणि चौथ्या लेव्हलपर्यंतच्या काळ्या जादूही शिकतो. पण तोवर त्याला सांभाळायची तयारी ठेवा.

आजच्या गेमसाठी यातून काय घ्यायचं?

१९८७ मध्ये या बगमुळे कोणाचा खिसा रिकामा झाला नाही. कार्ट्रिज एकदाच विकत घेतलं की संपलं. आजच्या मोबाइल गेममध्ये मात्र 'पॉवर ५०० ने वाढवा' असं सांगून तुमच्याकडून खरे पैसे मागितले जातात. तो आकडा आत कुठे आणि किती वापरला जातो, हे स्क्रीनवर लिहिलेलं नसतं.

म्हणून एक सवय लावून घ्या. पैसे भरायच्या आधी फुकट मिळणारं एखादं अपग्रेड लावा, त्याच शत्रूवर लावण्याआधी दहा वार आणि लावल्यानंतर दहा वार करा, आणि डॅमेज कागदावर लिहा. फरक दिसला तर आकडा खरा. नाही दिसला, तर तो फक्त स्क्रीन सजवायला ठेवलाय. आम्ही ऑफिसात कोड तपासतो तेव्हाही याहून फार वेगळं काही करत नाही.