जुन्या मोटारीचा गिअरबॉक्स घरी उतरविताना

भोपाळ हे तलावांचे आणि टेकड्यांचे शहर आहे. श्यामला टेकडी, ईदगाह टेकडी, अरेरा या भागांतील रस्ते चढउताराचे असल्यामुळे मोटार हाकणाऱ्यास क्लच आणि गिअर यांचा वापर वारंवार करावा लागतो. १९५६ साली भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाले. पुढे अवजड विद्युत उपकरणांचा कारखानाही येथे उभा राहिला. या काळात नोकरीनिमित्त अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. त्या पिढीने हौसेने घेतलेल्या प्रीमियर पद्मिनी अथवा ॲम्बॅसेडर गाड्या काही घरांतून अद्यापही जपलेल्या आढळतात. पद्मिनीचे उत्पादन चालू शतकाच्या आरंभी बंद पडले, तर ॲम्बॅसेडरचे २०१४ साली. या गाड्यांची सवय असलेले मिस्त्री आता विरळ होत चालले आहेत. त्यामुळे गिअरबॉक्स उतरविण्याचे काम घरच्या अंगणात स्वतःच करावे, असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. हे काम समजून केल्यास साध्य आहे. मात्र घाईने केल्यास ते जिवावर बेतू शकते.

प्रथम निदान

गिअर कठीण पडतो, एवढ्याच कारणावरून गिअरबॉक्स खाली उतरविणे योग्य नव्हे. या गाड्यांच्या बहुतेक नमुन्यांत गिअरची दांडी स्टेअरिंगच्या खांबावर असते. तेथून गिअरबॉक्सपर्यंत अनेक सळया व सांधे असून त्यांतील बुश झिजले की गिअर अडखळतो. हा दोष गिअरबॉक्स न काढता दूर होतो. क्लच पेडलची मोकळी चाल बिघडली असेल तर केवळ ती जुळवून घेतल्यानेही काम भागते. परंतु चढावर इंजिनाचा आवाज वाढत असूनही गाडीस वेग येत नसेल व पेडलची चाल योग्य असेल, तर क्लच प्लेट झिजली असण्याचा संभव असतो. ही प्लेट इंजिन व गिअरबॉक्स यांच्या मध्ये असते. म्हणूनच तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी निर्दोष गिअरबॉक्सही उतरवावा लागतो.

जागा आणि आधार

काम सपाट व पक्क्या फरशीवरच करावे. भोपाळच्या आसपासची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसात मऊ होते. अशा जमिनीवर जॅक नकळत रुतून कलतो. उतारावरील अंगणही या कामास सर्वस्वी अयोग्य होय.

जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, गाडी धरून ठेवण्याचे नव्हे. गाडी उचलल्यावर तिच्या भक्कम भागांखाली योग्य क्षमतेच्या लोखंडी घोड्या लावाव्यात. विटा किंवा पोकळ सिमेंटचे ठोकळे भाराखाली एकाएकी फुटतात, म्हणून ते कदापि वापरू नयेत. गाडीखाली शिरण्यापूर्वी ती हाताने हलवून पाहावी. जवळ दुसरी व्यक्ती असल्याखेरीज कामास आरंभ करू नये.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून उभी करण्याची आपल्याला सवय असते. परंतु प्रोपेलर शाफ्ट सुटताच मागील चाकांचा गिअरबॉक्सशी असलेला संबंध तुटतो आणि गिअर गाडीस धरून ठेवू शकत नाही. काही जुन्या जीपगाड्यांत तर हातब्रेकही याच शाफ्टच्या मार्गावर असतो. केवळ पुढील भाग उचलून काम करणाऱ्यांनी म्हणूनच मागील चाकांच्या दोन्ही बाजूंस पाचरी घट्ट बसवाव्यात.

उतरविण्याचा क्रम

प्रत्येक बोल्ट सैल करण्यापूर्वी स्वतःस एक प्रश्न विचारावा : हा बोल्ट कोणाचा भार वाहत आहे? या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय पाना फिरवू नये.

प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. नंतर गिअरबॉक्सचे तेल स्वच्छ घमेल्यात काढावे. तेलात धातूचे मोठे कण आढळल्यास गिअरबॉक्सच्या आतील भागही तपासणे आवश्यक ठरते. प्रोपेलर शाफ्टचे तोंड व त्याची जोडचकती यांवर खूण करून ठेवावी, म्हणजे तो परत पूर्वीच्याच स्थितीत बसविता येतो. अन्यथा गाडी थरथरू लागते. त्यानंतर वेगमापकाची तार, गिअरच्या सळया, क्लचची जोडणी आणि स्टार्टर ही क्रमाने सोडवावीत. काही बोल्ट गाडीच्या आतून, गालिचाखालील झाकण काढल्यावरच हाती लागतात. निघालेले बोल्ट ज्या त्या जागेचे नाव लिहिलेल्या डब्यांत ठेवावेत.

यापुढचा टप्पा सर्वांत नाजूक असतो. इंजिनाची मागील बाजू बहुधा गिअरबॉक्सच्या आधारपट्टीवरच टेकलेली असते. ती पट्टी काढताच इंजिन मागे झुकते आणि रेडिएटरच्या नळ्यांवर ताण पडतो. म्हणून इंजिनाच्या तेलपात्राखाली लाकडी फळी ठेवून हलका जॅक आधीच लावावा. गिअरबॉक्सखालीही दुसरा जॅक घ्यावा. आडव्या पडलेल्या माणसाने त्याचे वजन हातांवर अथवा छातीवर झेलण्याचा प्रयत्न करू नये.

दोन्ही आधार बसल्यावर आधारपट्टी काढावी, व शेवटी बेल हाउसिंगचे बोल्ट. गिअरबॉक्स सरळ मागे ओढावा. त्याचा पुढील दांडा क्लच प्लेटमधून पूर्णपणे बाहेर येईपर्यंत तो खाली लोंबू देऊ नये. तसे झाल्यास प्लेटचा मधला भाग वाकतो व नवी प्लेटही निकामी होते. अडकल्यास जोर न लावता राहिलेला बोल्ट शोधावा.

क्लच आणि जोडणी

जुन्या क्लच प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. त्याची धूळ फुप्फुसांस घातक असल्याने ती फुंकरीने वा हवेच्या नळीने उडवू नये; ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बंद करावे. गिअरबॉक्स खाली असतानाच रिलीज बेअरिंग, दांड्याच्या टोकाचा बुश व इंजिनाच्या मागील बाजूची तेलगळती तपासून घ्यावी, म्हणजे हेच श्रम पुन्हा करावे लागत नाहीत. नवी प्लेट बसविताना तिचे मध्य दांड्याच्या मापाच्या गोल लाकडी काठीने जुळवावे. जोडणीचा क्रम उतरविण्याच्या उलट असतो. गाडी खाली घेण्यापूर्वी पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच तेल भरावे.

काढलेल्या तेलाचे काय?

घमेल्यातील तेल गटारात ओतले की काम संपले, असे समजणे मोठी चूक ठरेल. शहरातील अनेक नाल्यांचे पाणी अखेर तलावांकडे जाते. राजा भोज यांच्या नावाशी जोडलेला मोठा तलाव भोपाळकरांची तहान भागवितो. २००२ साली भोज पाणथळ क्षेत्रास रामसर यादीत आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे स्थान मिळाले आहे. तेलाचा थर पाण्यावर पसरला की हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळण्यास अडथळा येतो आणि जलचरांस इजा पोहोचते. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत वापरलेल्या गिअर तेलाचाही समावेश आहे. तेव्हा ते झाकणाच्या डब्यात साठवून परवानाधारक संकलकाकडेच सोपवावे.

गिअरबॉक्स उतरविण्यास अंगबळापेक्षा क्रमाची व सावधगिरीची गरज अधिक असते. पुरेशी घोडी, सपाट जागा व सोबती यांपैकी एकही उपलब्ध नसेल, तर काम थांबवून जाणत्या मिस्त्रीस बोलवावे. जुनी गाडी आणखी काही दिवस अंगणात उभी राहिली तरी नुकसान होत नाही. तिच्याखाली काम करणारा माणूस सुखरूप बाहेर येणे अधिक महत्त्वाचे आहे.